सुसानाबाईंनी दिलेली जागा

१९१८ साली मानमोडीच्या तापाची साथ आली, तेव्हा नवापूरच्या ख्रिस्ती आळीत उभं राहील असं माणूस उरलं नव्हतं. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सुसानाबाईंचा नवरा तिसऱ्याच दिवशी गेला. त्या आणि त्यांच्या दोन्ही लेकी तापात बेशुद्ध. लाकडाची मोळी विकायला आलेली रमीबाई दारातून आत डोकावली आणि तिथेच राहिली. तिने चूल पेटवली, नागलीची पेज करून तिघींना भरवली, घाण काढली. मग शेजारच्या घरात गेली, मग त्याच्या पुढच्या. सतरा दिवस तिने हेच केलं. अठराव्या दिवशी ख्रिस्ती मंडळीचे पंच पौलस यांच्या ओसरीवर ती कोसळली, ती उठलीच नाही.

तिच्या पाड्यावर खांदा द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. सुसानाबाई पौलसांकडे कबरस्तानाची किल्ली मागायला गेल्या.

"तिचा बाप्तिस्मा झालेला नाही," पौलस म्हणाले.

"तुमच्या तोंडात पेज घालताना तिने तुमचा धर्म विचारला होता, पौलसकाका?"

पौलसांनी मान खाली घातली, पण किल्ली काढली नाही. "आणि जागा तरी कुठाय?"

"नवऱ्याशेजारची जागा माझी ना? ती तिला दिली."

"मग तुझं काय?"

"माझं मी बघेन."

कबरी खणणारा चिंधा भेदरलेला होता. काम जाईल म्हणाला.

"मग कुदळ दे. मी खणते."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. "नको बाई. मीच खणतो."

फाटकाला कुलूप होतं. सुसानाबाईंनी कोयत्याने निवडुंगाचं कुंपण तोडलं. हात रक्ताळले. तापातून उठलेल्या चार बायकांनी रमीबाईला आत नेलं. पाळक आले नाहीत, म्हणून प्रार्थना सुसानाबाईंनीच केली आणि कबरीवर रमीबाईच्या नावाचा दगड बसवला.

पंचांनी त्यांना शाळेतून काढलं, देवळात प्रभुभोजनाची भाकर देणं बंद केलं. मंडळीसमोर पश्चात्ताप करायला उभं केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पश्चात्ताप एकाच गोष्टीचा होतो. ती जिवंत असताना मी तिला घरात कधी बसवलं नाही. मोळी दारातूनच घ्यायचे."

पुढे पंचांचा निरोप आला, कबरीवरचा नावाचा दगड काढा, म्हणजे क्षमा होईल.

"क्षमा मागितली कुणी?" सुसानाबाईंनी निरोप्यालाच विचारलं.

त्या रविवारी लेकींना घेऊन त्या मंडळीच्या देवळात पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. भाकरीचं ताट त्यांना टाळून पुढे गेलं. पुढच्या रविवारीही त्या तिथेच होत्या.