थोरल्याची बाटली

मारामारी एक, शिक्षा दोघा भावांना. तुरुंगात भेटीच्या दिवशी आई काचेपलीकडे बसायची. फोन माझ्या कानाला, पण प्रश्न सगळे धाकट्याबद्दलचे. "जेवतो ना? परत घेतली का त्याने?" तो पावडर घ्यायचा, म्हणून ती रडायची. मी आत आल्यापासून पुडीला बोट लावलं नव्हतं. माझ्या वाट्याला काय, तर "तुझं काय बाबा, तू शहाणा आहेस." शहाणा गेला खड्ड्यात.

मग धाकट्याने सोडली. थरथरायचा, ओकायचा; मीच धरून बसलो, त्याचे कपडे मीच धुतले. आणि बराकीत कौतुक कोणाचं? त्याचं. त्यात सगळ्यांची लघवी तपासायची वेळ आली. म्हणतो, "दादा, या खेपेला माझी बाटली स्वच्छ निघणार. आईला मीच सांगणार." इतकी वर्षं माझी स्वच्छ निघत होती, तेव्हा कुणी हार घातले? ज्याचं जळतं त्याला कळतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी धोबीखान्यातल्या एकाकडून पुडी घेतली आणि ओढली. म्हटलं, रडू दे बाईला एकदा माझ्यासाठी.

निकाल आला. धाकटा स्वच्छ, मी अडकलो. माझी भेट बंद. वॉर्डर म्हणाला, "तूसुद्धा?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या भेटीला धाकटा एकटाच गेला, आणि तोंड पाडून परत आला. मी चादरींच्या घड्या घालत होतो.

"काय म्हणाली?"

"तिला पटेचना. म्हणे, दादा असलं करणारच नाही. तूच घेतलीस, आणि तुला वाचवायला त्याने बाटल्या बदलल्या."

"मग सांगायचं ना, तू सोडलीस म्हणून."

"सांगितलं. शपथ घेतली. तर रडायलाच लागली."

"माझ्यासाठी?"

"नाही रे. माझ्यासाठी."

खरं काय ते कळवता आलं असतं मला. पण तिने म्हटलं असतं, बघा, अजून भावाला पाठीशी घालतोय.

धाकटा चादरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. "तू कुणाकडून घेतलीस, दादा?"

"कशाला पाहिजे तुला?"

"सोडून तरी काय मिळालं?"

हे मी विचारायला हवं होतं, पण तेही त्यानेच विचारलं. आता ती दर भेटीला त्याच्यासाठीच येणार, त्याच्यासाठीच रडणार. माझं डोकं फिरलं.

मी त्याला नाव सांगितलं.