कुंकू लागलेली फ्लॉपी

"मंडळाचे अध्यक्ष श्री. चंद्रप्रकाश नेरूरकर यांनी वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेली आपल्या चित्रपटसंग्रहाची संगणकीय सूची, खंडेनवमीच्या दिवशी गृहिणीसुलभ श्रद्धेपोटी फ्लॉपीवर वाहिल्या गेलेल्या हळदकुंकवामुळे, कायमची नष्ट झाली आहे. कुंकवाचे कण यंत्रात शिरल्याने मूळ प्रतही बाधित झाली. संबंधितांनी पुढील रविवारच्या सभेत लेखी दिलगिरी व्यक्त करावी, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले आहे."

आमच्या मुलुंडच्या चित्रपट-अभ्यास मंडळाने दिवाळीनंतर काढलेल्या पत्रकातला हा मजकूर. तो सायक्लोस्टाइल होऊन प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचला. पहिले वाक्य पुन्हा वाचावे. त्यात चंद्रप्रकाशला नाव आहे, हुद्दा आहे आणि घामही आहे. हळदकुंकू मात्र कोणी वाहिलेले नाही; ते 'वाहिले गेले'. शेवटच्या वाक्यात शिक्षा सुनावताना मात्र एकदम कोणीतरी सापडते, आणि तेव्हाही ते केवळ 'संबंधित' असते. ज्या मंडळात पडद्यावर दोन क्षण दिसणाऱ्या भालदाराचेही नाव शोधून काढण्याचा अट्टहास चालतो, त्या मंडळाला अध्यक्षांच्या बायकोचे नाव लिहवले नाही.

तिचे नाव मालन. वडील परळच्या गिरणीत मागावरचे साचेवाले होते, माहेर कुडाळकडचे. आणि त्या दिलगिरीचा मसुदा लिहिण्याचे काम, 'भाषेची जाण' या सबबीवर, माझ्याकडे सोपवण्यात आले होते.

सूची म्हणजे काय, हे सांगणे भाग आहे. चंद्रप्रकाशने घरात व्हिडिओ कॅसेटींची भिंत उभी केली होती. दूरदर्शनवरून उतरवलेले, परिचितांकडून मिळवलेले, कुठून कुठून नक्कल करून आणलेले चित्रपट. कॅसेटींवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. नावे लिहिणे त्याला लायब्ररीवाल्यांचे काम वाटे. कोणत्या क्रमांकावर कोणता चित्रपट, तो कुठे कापलेला, मागे नाचणाऱ्यांत कोण कोण, ही सगळी माहिती आधी कार्डांवर होती. ती त्याने श्यामसुंदरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून यंत्रात भरली आणि कार्डे रद्दीत घातली. "कागदाचं युग संपलं," असे तेव्हा मंडळात जाहीर केले. सूची एका फ्लॉपीवर मावली. मूळ फ्लॉपी क्लासच्या कपाटात, तिची नक्कल घरी. या विषयावर त्याने आम्हाला एक व्याख्यानही दिले होते. दोन प्रती, दोन ठिकाणे, निष्काळजी माणसाला संग्रह करण्याचा अधिकार नाही, असा त्याचा सारांश. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा चंद्रप्रकाश कामावर होता. मुलुंड पूर्वेला खाडीकडून वारा आला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घरात शिरतो. मालनने खिडक्या लावून घेतल्या होत्या. दाराशी एक कॅनव्हासची पिशवी भरून ठेवलेली दिसली. देव्हाऱ्यात दिवा नव्हता.

"तुमी लिवा, भावजी, मी सही करतंय," ती म्हणाली. "माझ्या हातान झाला, तर माफी मागूक लाज कसली?"

"नेमकं काय केलंत तुम्ही?"

"आमच्याकडे खंडेनवमीक कोयतो, पारय, सगळा धुवन पूजतत. बाबा गिरणीत साच्याक हार घालीत. ह्यांचा हत्यार म्हणजे ती फ्लॉपी. मी म्हटलंय, तिका कोण पूजता? म्हणान वरच्या कागदार चिमूटभर हळदकुंकू लावलंय आणि एक फूल ठेवलंय. आतल्या तबकडेक हातूय लावूक नाय."

"आणि चंद्रप्रकाश काय म्हणाला?"

"काय नाय. तेव्हापासून बोलूकच नाय. आधी वाटला, राग उतरतलो. मगे ता पत्रक इला." तिने पिशवीकडे पाहिले. "रविवारी सही केलंय की भावाकडे जातंय. ज्या घरात माझो हात लागल्यार वस्तू मरता, थंय ऱ्हवान करू काय?"

हे वाक्य तिने रडून म्हटले असते तर मला सोपे गेले असते. ती भाजीचा भाव सांगावा तसे बोलली. मग आतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली फ्लॉपी घेऊन आली. कार्यकारिणीला पुरावा म्हणून दाखवून झाल्यावर चंद्रप्रकाशने ती फडताळावर फेकली होती.

"न्हेवा हीका. माका घरात नको."

मसुदा लिहिण्याआधी घडलेली गोष्ट समजून घ्यावी, ही माझी जुनी सवय. ती फ्लॉपी घेऊन मी श्यामसुंदरकडे गेलो. त्याचा क्लास मुलुंड पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावर. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, कारण यंत्राला धूळ चालत नाही अशी सर्वांची समजूत आहे. खालून तळणाचा धूर चोवीस तास वर येतो, त्याला मात्र कोणाची हरकत नाही.

फ्लॉपीच्या कागदी लेबलावर हळदीचा पिवळा डाग होता आणि त्यावर बोटाच्या टोकाएवढे कुंकू. ज्या फटीतून तबकडी दिसते तिथे काहीही नव्हते.

"हिच्यामुळे यंत्र बिघडलं ना तुमचं?" मी विचारले.

"कोण म्हणतं?" श्यामसुंदर हसू लागला. "सर, पोरांनी फ्लॉपीवर वडापावची चटणी सांडलीय इथे. मशीन एक दिवस बंद नाही. दसऱ्याला तर मीच हार घातला त्याला, हे बघा, मॉनिटरवर अजून टिळा आहे."

टिळा होता. यंत्र त्याखाली निमूट गुरगुरत होते.

त्याने फ्लॉपी आत सरकवली. मी करकर ऐकायला सज्ज झालो. तसे काही झाले नाही. पडद्यावर शांतपणे उत्तर आले: फ्लॉपी ठीक आहे, तीत एकही फाइल नाही.

"म्हणजे कुंकवाने सगळं पुसलं?"

"अहो सर, खराब झाली तर मशीन ओरडतं. वाचताच येत नाही म्हणून सांगतं. ही झकास वाचतेय. फक्त कोरी आहे. कुणीतरी फॉरमॅट केलीय, पुसून नव्यासारखी केलीय."

कुंकवाने मजकूर बिघडू शकतो, हे मी मान्य करायला तयार होतो. पण बिघडवून झाल्यावर फरशी पुसावी तशी ती जागा लख्ख करून नव्या मजकुरासाठी मोकळी ठेवणे, इतकी टापटीप कुंकवाच्या अंगी आहे, असे सांगणारा एकही ग्रंथ माझ्या वाचनात नाही.

"आणि नाव बघा," श्यामसुंदरने बोट ठेवले. "फॉरमॅट करताना मशीन नाव विचारतं. बाकीचे नुसतं बटण दाबून पुढे जातात. आपल्या नेरूरकर सरांना नाव द्यायची हौस."

रोमन अक्षरांत, पण मराठीच शब्द होता: 'शुद्ध'.

मी त्याला कपाटातली मूळ फ्लॉपी काढायला सांगितली. तिला कुंकू लागलेले नव्हते. लागण्याची शक्यताही नव्हती, ती कधी त्या घरात गेलीच नव्हती. तीही कोरी होती. आणि तिचेही नाव 'शुद्ध'.

"दोघींना एकच नाव कसं?"

श्यामसुंदरचे हसू गेले. त्याने दोन्ही फ्लॉप्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"नक्कल केली की नावासकट उतरतं, सर. कोऱ्याची नक्कल केली तर कोरंच उतरतं. कुठून कुठे हे उलट सांगितलं, की झालं. वाट लागली."

"असं कोणी करतं?"

"दर बॅचमध्ये एक तरी पोरगं करतं. आम्ही चहा पाजतो आणि पुन्हा शिकवतो." मग खालच्या आवाजात: "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नेरूरकर सर एकटेच बसले होते इथे. जाताना मला म्हणाले, घरच्या बाईने सगळं नासवलं. मी म्हटलं, असेल."

मी दोन्ही फ्लॉप्या घेऊन निघालो. आता सगळा क्रम माझ्यापुढे होता. पुसलेल्या फ्लॉपीवर मूळ प्रत पुन्हा उतरवायची, ती नक्कल उलटी झाली, ही चूक होती. चुका क्षम्य असतात. पण त्याआधी एक कृती झाली होती, आणि तिला चूक म्हणता येत नव्हते. अंधश्रद्धेवर परिसंवाद भरवणाऱ्या, देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायला बसणाऱ्या या विवेकवाद्याने एक सोवळे पाळले होते. कोणत्याही भटाला लाजवील असे. विटाळ झालेले भांडे घासून घ्यावे तशी त्याने फ्लॉपी घासून घेतली होती आणि तिच्यावर शुद्धीची मोहोर उमटवली होती. विटाळ कुंकवाचा नव्हताच. तो हाताचा होता.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चंद्रप्रकाश आरामखुर्चीत होता. मालन स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तांदूळ निवडत होती. कॅनव्हासची पिशवी तिथेच होती.

"आणलास का मसुदा, जयवंत?" त्याने विचारले. "फार लांबवू नकोस. एक परिच्छेद पुरे."

मी दिलगिरीचा कोरा कागद टेबलावर ठेवला. वर फक्त 'दिलगिरी' असे लिहिले होते. शेजारी दोन्ही फ्लॉप्या ठेवल्या.

"ही कपाटातली तू का आणलीस?"

"दोघींचं नाव एकच आहे म्हणून."

चंद्रप्रकाशने दोन्ही फ्लॉप्या कागदापासून दूर सारल्या. मग त्याने व्याख्यानाचा आवाज काढला. "हे बघ, तू साहित्याचा माणूस. चुंबकीय माध्यम, सूक्ष्म कण, संसर्ग, ह्यातलं तुला काही कळत नाही. ह्यात पडू नकोस."

"मी फक्त शब्दांत पडतो. 'शुद्ध' हा शब्द कोणी टाइप केला?"

"मंडळाची अब्रू आहे ह्यात. अध्यक्षानेच सूची पुसली म्हटल्यावर आपल्याला कोण विचारणार? हिचं काय जातंय? चार ओळींवर सही. हिला ना मंडळात यायचं, ना कोणी ओळखत."

तांदळाचे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मालन उठून टेबलाशी आली. कित्येक दिवसांत दोघे इतक्या जवळ उभे राहिले नसावेत, कारण चंद्रप्रकाश खुर्चीत मागे सरकला.

"माका तुमचा व्याख्यान नको," ती म्हणाली. "माझा कुंकू लागल्यार ती चालत होती काय नाय, येवढाच सांगा. मगे मी खंय जावचा ता माझा मी बघीन."

"मालन, तुला ते समजणार..."

"होय काय नाय?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी पेनाचे टोपण काढले आणि 'दिलगिरी' या शब्दाखाली त्याचे नाव लिहिले. खिडक्या बंद होत्या, तरी खाडीकडचा वास आत आला होता. चंद्रप्रकाश बोलू लागला आणि मी उतरवू लागलो, तेव्हा त्याचा आवाज व्याख्यानाचा नव्हता. नजर मात्र शेवटपर्यंत तिच्याकडे गेली नाही. रविवारच्या सभेत हाच कागद वाचला गेला. मी त्यात एक अक्षर घातले नाही आणि एक अक्षर गाळले नाही:

"चालत होती. लेबलावरचं कुंकू न पुसता मी ती मशीनमध्ये घातली, तर सगळीच्या सगळी सूची पडद्यावर आली, एकही नाव गेलेलं नव्हतं. पण तिने हात लावलेली फ्लॉपी मला नकोशी वाटली, म्हणून मी ती पुसून काढली, आणि मग मूळवरून पुन्हा नक्कल घ्यायच्या घाईत कोरीच मूळवर उतरवली. दोष मालनवर टाकला, कारण तिच्यावर ढकललं की कोणी काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. आणि कोणी विचारलंही नाही."