गाडी खाली आहे

"काका, आवाज कुठाय?" मागच्या सीटवरून जितेशनं विचारलं.

विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या रस्त्यावर देवदत्तनं मुद्दाम एक खड्डा धरून गाडी घातली होती. मागून धप्प असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

"आत्ता येईल," म्हणत त्यानं दुसऱ्या खड्ड्यात घातली. गाडी दबली, उठली आणि मुकाट्यानं पुढं गेली.

"एकदम मक्खन चालतेय. तुम्ही पण ना, उगाच टेन्शन घेता."

"तू बसलास की नाही येत. मी एकटा असलो की येतो."

"मग मला रोज बरोबर घेऊन फिरा ना! गॅरेज पप्पांना देतो सांभाळायला. सुबह-शाम खाना तुमच्याकडे."

देवदत्तनं गाडी परत गॅरेजसमोर आणून लावली. उल्हासनगरातल्या या गॅरेजमध्ये याच आवाजासाठी तो आधीही येऊन गेला होता. जितेश उतरला, मागं गेला आणि दोन्ही हातांनी डिकी दाबून सोडली. गाडी एकदाच वर आली आणि स्थिर राहिली.

"शॉकअप नवे टाकले, बुश नवे टाकले. अजून काय बदलू? गाडी खाली आहे, बाकी काही नाही."

देवदत्त वाकून चाकांकडं बघायला लागला. "खाली? उलट मागून वर दिसतेय."

"अहो, खाली मतलब रिकामी!" जितेश कपाळाला हात लावून हसला. "काकूंना बसवा मागं. आवाज बंद!"

"काकू राजसीकडं आहे. मेलबर्नला."

"अजून? पिछले साल गेल्या ना त्या?"

"हो," देवदत्त म्हणाला आणि त्यानं चावी फिरवली.

बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या घरापर्यंत मागून आवाज येत राहिला आणि त्याला स्वतःचाच राग येत राहिला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या स्प्रिंगांच्या कारखान्यात, टेस्टिंगमध्ये, त्याची सगळी नोकरी झाली होती. या गाडीच्या स्प्रिंगा तिथंच बनत. मॉडेल एकच, पण स्प्रिंगा दोन जातींच्या. दिसायला जवळपास सारख्या, म्हणून त्यांच्यावर रंगाचा ठिपका मारत. पिवळा ठिपका इथल्या गाडीचा, निळा बाहेर जाणारीचा. पिवळी ताठ आणि उंच. आत पाच माणसं, डिकीत सामान आणि खाली खड्डे, हे धरूनच तिचा हिशेब केलेला. निळी बुटकी आणि मऊ. तिकडं रस्ते गुळगुळीत आणि गाडीत बहुतेक वेळा एक किंवा दोन माणसं. गिअरही वेगळे. इथले जवळजवळच्या टप्प्यांचे, भरलेली गाडी चढावर ओढता यावी म्हणून. तिकडचे लांब पल्ल्याचे, वेगातही इंजिन शांत ठेवणारे. पुरेसं वजन नसलं की ताठ स्प्रिंग दबत नाही, सगळा धक्का वर पाठवते. इतकी साधी गोष्ट. पण इथली गाडी रिकामी फिरेल असं कुणी धरलेलंच नव्हतं, त्यानंही नाही.

आणि गाडी घेतली तेव्हा ती रिकामी नसायचीच. पुढं तो आणि अण्णा, मागं आई, मीनल आणि राजसी. खिडकी कुणाला यावरून आजी-नातीची भांडणं. मीनलच्या मणक्याचं दुखणं सुरू झालं ते त्याच वर्षांत. अंबरनाथच्या रस्त्यावर ती पाठीशी उशी धरून, ओठ मिटून बसायची. आई-अण्णा गेले, राजसी लग्न होऊन गेली, नातू झाला तेव्हा मीनल तिकडं गेली. उशी अजून मागच्या सीटवर होती.

दुपारी मीनलचा फोन आला. तिकडं संध्याकाळ झाली होती.

"जेवलात?"

"हो. डबा आला होता."

"भाजी कसली होती?"

"हिरवी."

"हिरवी! अहो, नाव असतं भाजीला." ती हसली. "बरं, गंमत ऐका. राजसीनं गाडी घेतली. आपलीच! म्हणजे आपलं मॉडेल, रंगसुद्धा तोच. काल समुद्रापर्यंत गेलो, केवढं लांब, पण पाठ अजिबात दुखली नाही. मला पाठ आहे हेच विसरले मी."

"ती आपली गाडी नाही," देवदत्त म्हणाला आणि त्यानं पिवळ्या-निळ्या ठिपक्यांपासून गिअरपर्यंत सगळं समजावून सांगितलं. एरवी ती मध्येच तोडायची. आज तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे नाव एक, आणि आतून वेगळी."

"हो. तिकडं माणसं कमी धरलेली असतात."

पलीकडं नातू कशासाठी तरी रडत होता. तो थांबेपर्यंत दोघंही थांबले.

"राजसी म्हणतेय, तीन वर्षांच्या व्हिसाचा अर्ज करू या," मीनल म्हणाली. "तिची नोकरी सुरू होतेय. बाळाला कोण बघणार? तुमचाही करते म्हणाली."

"मी काय करू तिथं?"

तो एकदा राहून आला होता. सकाळी सगळे आपापल्या कामाला लागत आणि तो खिडकीशी बसून समोरून जाणाऱ्या गाड्या मागून किती दबल्यात ते बघत राही.

"माहीत होतं मला, तुम्ही हेच म्हणणार. मग मी काय सांगू तिला? रविवारी भरायचाय अर्ज."

'परत ये.' दोन शब्द होते. ओठापर्यंत आलेही.

"टॉप गिअरला इंजिन किती फिरतं, बघून ठेव एकदा," तो म्हणाला.

मीनल म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यावर गेला. टेस्टिंगमध्ये त्याच्या जागी आता मुकेश होता, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. गेटबाहेरच्या टपरीवर दोघं उभे राहिले.

"निळ्या स्प्रिंगा?" मुकेशनं विचारलं. "ट्रायल लॉटचा एक सेट पडून आहे. मॅनेजरला विचारून गेटपास करतो, त्याचं काय नाय. पण कोणाला पाहिजेत, साहेब?"

"मला."

"तुमच्या गाडीला? पण साहेब, मॅडम, ताई सगळे आले की मग..." मुकेश बोलता बोलता थांबला. त्यानं देवदत्तच्या तोंडाकडं पाहिलं आणि टपरीवाल्याला हाक मारली. "अरे, साहेबांचा चहा दे ना. बिनसाखरेचा."

शनिवारी जितेशनं चारही स्प्रिंगा बदलल्या. गाडी चांगलीच खाली बसली. "अरे वा काका, हीरोसारखी दिसतेय!" तो म्हणाला आणि जुन्या पिवळ्या स्प्रिंगा त्यानं भंगारात टाकल्या.

रविवारी सकाळी देवदत्त काटई रस्त्याला लागला. एकटाच. सिमेंटचा सरळ पट्टा आला तशी त्यानं गाडी वेगात सोडली. मागून काहीही आवाज नव्हता. रस्त्यातल्या सांध्यांवरून गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी खालीवर होत होती. टॉप गिअरमध्ये इंजिन मात्र कुरकुरायला लागलं, तेव्हा नकळत त्याचा हात आणखी वरच्या गिअरसाठी गेला. तसा गिअर या गाडीला नव्हता. गिअरबॉक्स इथलाच होता.

मीनल अशी बसते तर, त्याला वाटलं. पाठ सैल सोडून, खिडकीबाहेर बघत, पुढच्या खड्ड्याची वाट न बघता. इतक्या वर्षांत आपल्या गाडीत ती अशी एकदाही बसली नव्हती.

त्यानं कडेला गाडी घेतली आणि फोन लावला.

"भर अर्ज," तो म्हणाला.

"तुम्हाला चालेल?"

"पाठ दुखत नाही ना तुझी तिथं?"

"नाही."

"मग भर."

"आणि तुमचा?"

"माझं बघू पुढं." फोनवर ती नाक ओढत होती, सर्दीनं की कशानं ते त्याला कळलं नाही. "आज भाजी मेथीची आहे," त्यानं सांगितलं.

पुढच्या महिन्यात मुकेशच्या आईचं, गयाबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन उल्हासनगरच्या दवाखान्यात झालं. रिक्षात धक्के बसतील, मीच सोडतो, असं देवदत्त स्वतःहून म्हणाला. गयाबाईंना पुढं बसवलं. मागं मुकेश, त्याची बायको प्रीती, पिशव्या आणि घरून आणलेली भली मोठी चादरींची गाठोडी.

"लोण्यासारखी हाय की गाडी," एका डोळ्यावर पट्टी आणि त्यावर काळा चष्मा लावलेल्या गयाबाई म्हणाल्या. "सायेब, बाई कवा येनार तुमची?"

"आई, गप ना," मागून प्रीती पुटपुटली.

"तीन वर्षांनी," देवदत्त म्हणाला.

"तीन वर्सं! आन घरात दुसरं कोन?"

"कोणी नाही."

गयाबाईंनी मान त्याच्याकडं वळवली, पण पट्टीचा डोळा त्याच बाजूचा होता. त्या पुन्हा समोर बघायला लागल्या.

अंबरनाथमध्ये मुकेशच्या वस्तीच्या रस्त्याला गाडी वळली. पोरं भरधाव बाइक नेतात म्हणून लोकांनीच तिथं उंच गतिरोधक बांधले होते. पुढची चाकं चढून उतरली आणि गाडीच्या पोटातून खर्रर्र असा आवाज आला. प्रीती दचकली. देवदत्तनं गाडी मागं घेतली, तिरकी घातली. पुन्हा तेच.

"थांबा साहेब," मुकेश म्हणाला. त्याला कारण कळलं होतं, पण तो त्यावर काही बोलला नाही. "आम्ही उतरतो."

तो आणि प्रीती पिशव्या, गाठोडी घेऊन उतरले. गयाबाईंनीही दाराचा खटका चाचपायला सुरुवात केली.

"तुम्ही बसा आजी, तुमचं ऑपरेशन झालंय."

"डोळ्याचं झालंय, पायाचं न्हाई."

तिघं रस्त्यावर उभे राहिले. रिकामी गाडी गतिरोधकावरून अलगद पलीकडं गेली.

"पुढं अजून आहेत साहेब," मुकेश खिडकीशी येऊन म्हणाला. "घर आलंच, आम्ही चालतो. तुम्ही जा, उशीर होईल."

"नाही," देवदत्त म्हणाला. "दारापर्यंत येतो."

गयाबाईंना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. देवदत्तनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. पहिला गिअर इथला होता, भरल्या गाडीसाठी केलेला. बंद न पडता गाडी म्हातारीच्या चालीनं सरकायला लागली. मागचा एक रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी बाजूनं निघून गेला. पुढं ती तिघं, मागं गाडी, अशी ती वरात वस्तीतून हळूहळू चालली होती, आणि ओट्यावर बसलेल्या बायका बोलणं थांबवून बघत होत्या.