हद्दीवरचं कुलूप

दीक्षाचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात, २०१८ साली, हद्दीवरच्या बोअरवेलला कुलूप लागलं. अलीकडे भिलाई टाउनशिपचे क्वार्टर, पलीकडे रिसालीची घरं, आणि पाणी दोघांना मिळून थोडंच. भांडणं हातघाईवर आली तेव्हा दीक्षाच्या बापाने, गुलाबने, तोड काढली: सकाळ अलीकडची, संध्याकाळ पलीकडची. फक्त वीस मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी, कुलूप लावायचं नाही.

"भाऊ, तळं तुमचं आन् फायदा आमाले कावून?" पलीकडच्या गयाबाईने चिडवलं.

"पानी अडवून त्या दिवशी बाबासाहेबाले हात कसे जोडू, बाई?"

पुढच्या वर्षी गुलाब छातीच्या दुखण्याने खाटेला खिळला आणि चावी शेजारच्या नरेशकडे गेली. वीस मार्चला सकाळी गुलाबने बायकोला विचारलं, "ललिता, कुलूप काढलं का?"

नरेशने तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "काकी, अपनेकोच पुरत नाही, यंदा कुलूप राहीन." तरी ललिता म्हणाली, "काढलं ना."

"मंग तिथलंच घोटभर आन."

ती गडवा घेऊन गेली. सकाळची पाळी उरकून कुलूप लटकत होतं, नरेश ड्युटीवर गेला होता. गयाबाईने तिला तसंच उभं पाहिलं आणि काही न विचारता आपल्या माठातलं, काल संध्याकाळी भरलेलं पाणी गडव्यात ओतलं.

गुलाब प्यायला. "दोन्हीकडचे भरून राहिले ना?"

"भरून राहिले."

कुलूप संध्याकाळी पलीकडच्यांच्या पाळीला निघालं, तेही आधी त्याच्या शेवटच्या अंघोळीसाठी. गुलाब रामटेके वारला तो त्याच दुपारी, २० मार्च २०१९ रोजी.