लवंगांचं दप्तर

एल्केचं दप्तर पुरी चार वर्षं टिकलं. शिवणीचा एक टाका उसवला नाही. पण हे आपण बोललोच नाही असं समजा. त्या शनिवारी तामेनबाईंच्या दुकानात तिच्या बापाला, ओक्को हार्म्सला, हे कुणी सांगितलं असतं, तर त्यानं ते लेखी मागितलं असतं.

तो त्या वेळी दप्तरावर उभा होता. बुटांसकट.

"साहेब," तामेनबाई म्हणाल्या, "दप्तर मुलीच्या पाठीवर असतं. तुम्ही दप्तराच्या पाठीवर आहात."

"बक्कल वाकतंय का बघतोय."

"नव्वद किलोखाली माझं दुकानही वाकेल."

ओक्को समुद्राच्या बांधावर नोकरीला होता. रोज सात किलोमीटर मान खाली घालून चालायचं आणि चिचुंद्र्यांनी कुठे भोक पाडलंय ते शोधायचं. बोटभर भोकातून समुद्र गावात येतो, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. तेव्हापासून त्याला जगात भोकंच जास्त दिसत. लेक जन्मली तेव्हा आलेल्यांनी तिची बोटं मोजली. यानं खिडक्यांच्या कड्या.

सहा वर्षांच्या एल्केनं गोगलगायीचं चित्र असलेलं ते दप्तर निवडलं होतं.

"चौथीपर्यंत हेच वापरायचंय हां, बाळा. मध्येच कंटाळायचं नाही," तामेनबाई म्हणाल्या.

"गोगलगायीला कुठे घाई असते," एल्के म्हणाली.

शाळेचं पत्र आलं होतं: 'प्रत्येक वस्तूवर, तसेच प्रत्येक पेन्सिलीवर स्वतंत्रपणे, पाल्याचे नाव न पुसले जाईल असे लिहावे.' ओक्कोनं चोवीस रंगीत पेन्सिलींवर नाव घातलं. कात्रीवर घातलं. डिंकाच्या कांडीवर घातलं, मग टोपण वेगळं हरवेल म्हणून टोपणावर घातलं. शेवटी बांधाच्या पूरदरवाज्यांवर आकडे टाकायचा रंग कचेरीतून आणला. खाऱ्या पाण्यात पंधरा वर्षं न हलणारा. दप्तराच्या झाकणावर तळहाताएवढ्या अक्षरांत त्यानं लिहिलं: एल्के.

त्याची बायको गेशे चहाची किटली घेऊन आली आणि किटली हातातच राहिली.

"हे काय केलंस?"

"नाव घातलं."

"बाहेरून? अरे, बालवाडीत पोलीसमामा येऊन काय सांगून गेला? नाव आत. बाहेरचं नाव वाचून कुणीही परका हाक मारेल, एल्के, ये गं, बाबांनी पाठवलंय. आणि ही जाईल."

"जाईन," तोंडातला पाव गिळून एल्के प्रामाणिकपणे म्हणाली. "नावानं बोलावलं की जायचं असतं."

ओक्को खाली बसला. आयुष्यभर दुसऱ्यांची भोकं शोधली आणि हे त्यानं स्वतःच्या हातानं पाडलं होतं. त्यानं रॉकेलनं घासलं, ब्रशनं घासलं, वाळूनं घासलं. गोगलगायीचा रंग उडाला. नाव जास्तच उठून दिसू लागलं.

"रंग चांगला आहे हो तुमच्या कचेरीचा," गेशे म्हणाली.

दप्तर परत द्यायची सोय नव्हती. पाठीला टेकणाऱ्या बाजूला चव्वेचाळीस नंबरच्या बुटाचा ठसा होता. पुढचे दोन दिवस बांधावर चालताना ओक्कोला मागून गोड आवाजात कुणीतरी एल्केला बोलावतंय असं वाटे. वळून पाहिलं की मेंढी असे. त्यानं मेंढीवरही नजर ठेवली.

तोड एल्केनंच काढली. नुकतीच अक्षरं शिकली होती आणि जिथेतिथे लावून बघत होती.

"बाबा, पुढे एक न लाव. मागे एक न लाव."

ओक्कोनं लावले. नेल्केन. त्यांच्या भाषेत लवंगा.

"मला कुणी लवंगा म्हटलं तर मी कशाला वळू?"

पहिलीचा तिसरा सोमवार. शाळेच्या अलीकडे साठ मीटरवर फलक आहे, 'इथून पुढे मी एकटी जाऊ शकते', आणि आईबापांनी तिथे थांबायचं असतं. ओक्को थांबला. बुटाची टोकं फलकाच्या खांबाला टेकवून थांबला. एल्के निघाली. मागून पाहिलं तर दप्तराला दोन पाय फुटले होते, इतकंच.

एक पांढरी गाडी हळू झाली. काच खाली गेली. आतला माणूस ओरडला, "ए लवंगा! थांब जरा!"

ओरडावं तर तिचं खरं नाव साऱ्या रस्त्याला कळणार. ओक्कोनं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं.

एल्के वळली नाही. ती लवंग नव्हती.

"अगं, नाडी सुटलीय बुटाची," तो माणूस म्हणाला. पाववाला होता. पाव द्यायला पुढे निघून गेला.

चार पावलांवर एल्के नाडीत पाय अडकून आपटली. दप्तर तिच्यावरून डोक्याकडे सरकलं आणि परत जागेवर बसलं. दप्तराला ओरखडाही नाही. गुडघा फुटला होता. तिनं गुडघ्याकडे पाहिलं, थुंकी लावली, आणि लंगडत फाटकातून आत गेली.

ओक्को फलकापाशी घंटा होईपर्यंत उभा राहिला. कचेरीत पोचल्यावर त्यानं सरकारी कागद घेतला.

'प्रति, शाळा व रस्ते विभाग. विषय: फलक हलवणेबाबत. पाहणीअंती असे आढळून आले की सदर ठिकाणाहून पुढे पाल्य एकटे जाऊ शकते. पालकाबाबत तसे आढळून आले नाही. तरी फलक चौथीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत सरकवण्यात यावा. ते शक्य नसल्यास, पाल्याने फाटकापाशी एकदा मागे वळून पाहावे, असा नियम करण्यात यावा, ही विनंती.'