वरच्या रांगेची बटणं

नव्या लॅपटॉपला वरच्या रांगेची बटणंच नव्हती. त्या जागी बोटभर रुंदीची काचेची पट्टी होती आणि तिच्यावर लहान लहान चित्रं उजळत होती.

"याचे पुढचे दात पडलेत की काय?" ओर्फेलिनाने विचारलं.

ब्राउलिओ हसला. गावातलं रेडिओ केंद्र तोच चालवायचा, शेजारचं किराणा दुकानही त्याचंच. "मावशी, दाबायचं नाही, नुसतं बोट टेकवायचं. हा बघ माइक. टेकवलं की चालू, परत टेकवलं की बंद."

"आणि चुकून टेकलं तर?"

"चुकून कशाला टेकेल? हात मांडीवर ठेवायचा. राणीसारखं बसायचं."

"राणीला संदेश वाचावे लागत नाहीत," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

जुन्या लॅपटॉपच्या वरच्या रांगेवरची अक्षरं तिच्याच बोटांनी पुसली होती. वाचताना तिच्या डाव्या हाताची चार बोटं तिथे विसावलेली असत, ओळखीच्या घोड्याच्या मानेवर हात ठेवावा तशी. त्याआधी टाइपरायटर होता, तेव्हाही हात तिथेच असायचा. टेकणं वेगळं आणि दाबणं वेगळं, हे त्या बटणांना कळायचं. थकलेल्या हाताचा भार ती मुकाट्याने सोसत.

डोंगरापलीकडच्या खोऱ्यात फोन लागत नाही. दुपार झाली की वरची माणसं रेडिओ लावत आणि ओर्फेलिना त्यांचे निरोप वाचत असे. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचं पीठ बोटीने आलं, कुणी धक्क्यावर घोडे घेऊन यायचं. प्रत्येक निरोप तीनदा. तिच्या आधी हे काम करणाऱ्या सेगुंदो आजोबांनी तिला एक शिस्त लावली होती : आपल्या घरचं शेवटी. "वाढणारीने आधी आपल्या पानात वाढू नये," ते म्हणत.

खोऱ्याचीही एक रीत होती. आपल्या नावाने निरोप नसला तर सगळं ठीक आहे असं समजायचं आणि कामाला लागायचं. निरोप संपून गाणं लागलं की रेडिओ बंद. बॅटऱ्या घोड्यावरून आणाव्या लागत.

त्या दिवशी सकाळीच पोलिसांनी कळवलं होतं की हिमनदीखालचं तळं फुटलं आहे, दुपारनंतर नदी चढेल. अलीकडच्या काठावरची घरं उंचावर होती. पलीकडे राहणारा एकटा रोसामेल, ओर्फेलिनाचा धाकटा भाऊ. आज तो विक्रीची वासरं घेऊन, पूल लांब खाली गावापाशी असल्याने, उथळ जागेतून नदी ओलांडणार होता. घोडेस्वार पाठवला तरी दिवस मावळायच्या आत पोहोचला नसता. पण रोसामेलने मागेच सांगितलं होतं, "दुपारचे निरोप ऐकून निघेन, ताई. तू नाही म्हणालीस तर नाही."

आज त्याचं आधी वाचावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग वाटलं, ऐकल्याशिवाय तो निघणारच नाही, थोड्या वेळाने काय बिघडतं? मध्येच वाजू नये म्हणून तिने नेहमीप्रमाणे फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. प्रसारण ऐकायचे हेडफोन तिला टोचायचे, ते खुंटीवरच राहिले. पट्टीवर बोट टेकवून तिने माइक चालू केला आणि हात मांडीवर घेतला.

पिठाचा निरोप झाला, घोड्यांचा झाला. क्लेमेन्सियाला नातू झाल्याचं तिने तीनदा वाचलं. मग रोसामेलचा कागद वर आला. ती कागदावर वाकली आणि डावा हात आपसूक आपल्या जुन्या जागी गेला.

"वरच्या खोऱ्यात रोसामेल बार्रिया याला, बहीण ओर्फेलिनाकडून. तळं फुटलंय. नदी ओलांडू नकोस. वासरं वरच्या कुरणात ने."

तिसऱ्यांदा तिने सावकाश, शब्द तोडून वाचलं. मग खालचं मोठं बटण दाबून गाणं लावलं आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

ब्राउलिओ पिठाचे हात पुसत आत आला. "मावशी, रोसामेलचं वाचायचं राहिलं का?"

"तीनदा वाचलं की."

"दुकानात तर क्लेमेन्सियाच्या नातवानंतर सगळं गप्प. मला वाटलं, पाणी प्यायला थांबलीस. मग एकदम गाणंच लागलं."

दोघांनी पट्टीकडे पाहिलं. माइकचं चित्र विझलेलं होतं. त्याच्यावर, सकाळी तळलेल्या पावाच्या तेलाचे, चार बोटांचे ठसे उमटले होते.

तिने गाणं बंद केलं. ब्राउलिओने माइक चालू केला आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. ती वाचू लागली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

लहानपणी वडिलांचा रेडिओ बंद करायचं काम रोसामेलचं असे. निरोप संपून गाण्याचा पहिला सूर निघाला रे निघाला की तो बटण फिरवायचा. ती चिडायची, तिला गाणं हवं असायचं. "बॅटरी काय तुझा नवरा आणून देणार?" असं तो विचारायचा. तेव्हा तो जेमतेम टेबलाएवढा होता.

दाराशी माणसं जमली. क्लेमेन्सिया आत येऊन हळूच म्हणाली, "बाई, घोटभर पाणी तरी घे."

"आणि तेवढ्यात त्याने परत रेडिओ लावला तर?"

पुरुषांनी, मयतापुढे काढतात तशा, टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. ते पाहून ओर्फेलिना थांबली. "टोप्या घाला," ती म्हणाली आणि परत वाचू लागली. पुलाखालून मातकट पाणी आणि मुळासकट झाडं जाऊ लागली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. नुसता श्वास ऐकू येत होता.

वासरं अलीकडच्या काठावर सापडली. सगळ्यांना पार करून तो शेवटी उतरला असावा. घोडा खाली वाळूत मिळाला आणि पाणी ओसरल्यावर रोसामेलही.

जुना लॅपटॉप तोवर सुट्या भागांसाठी विकला गेला होता. ब्राउलिओ म्हणाला, "मावशी, दुसरं कुणी वाचेल. तू घरी बस."

"कोण वाचेल? तू? तुला प्रत्येक नावात अडखळायला होतं."

दुपारी ती आली तेव्हा तिच्या डाव्या हातात लोकरीचा हातमोजा होता. लोकर रोसामेलच्या मेंढ्यांची, विणलेला तिनेच. तिने माइक चालू केला, मोज्यातला हात काचेवर ठेवला आणि चित्राकडे पाहत राहिली. ते विझलं नाही. लोकरीचा स्पर्श काचेला कळत नव्हता.

मग तिने कागद उचलला. त्या दिवशी तिने आपल्या घरचं पहिलं वाचलं.

"वरच्या खोऱ्यातल्या सर्वांना, बहीण ओर्फेलिनाकडून. रोसामेलला उद्या माती देणार आहोत. येणाऱ्यांनी पुलावरून यावं."

तीनदा.