मोंजियाच्या पोराच्या पोटऱ्या

वसीलाला धाकट्या जावेचा हेवा वाटायचा तो तिच्या दागिन्यांचा नव्हे, तिच्या पोराच्या पोटऱ्यांचा. मोंजियाचा निझार सहा वर्षांचा, पण पोटऱ्या कशा, तर पैलवानाला लाजवतील अशा भरदार. वसीलाचा इस्कंदर त्याच वयाचा आणि पाय नुसत्या काटक्या. सासूबाई येता-जाता निझारच्या पोटरीवर थाप मारून म्हणायच्या, "हा खरा आपल्या घरचा." वसीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोघांनाही सकाळी ऑलिव्हच्या तेलात कालवलेलं तेच सातूचं पीठ मिळायचं. मग एकाच्याच अंगी कसं लागतं, या विचाराने तिला भाकरी थापतानाही चैन पडत नसे.

शेवटी तिने इस्कंदरला स्फाक्स शहरातल्या डॉक्टर त्रिकींकडे नेलं. नमुना दाखवायला म्हणून निझारलाही बरोबर घेतलं. जावेला मात्र म्हणाली, "पोरांना जरा शहर दाखवून आणते."

"डॉक्टर, याला ताकदीचं काहीतरी द्या," ती म्हणाली. "पाय या दुसऱ्यासारखे व्हायला हवेत."

त्रिकींनी इस्कंदरला तपासलं. "हा ठणठणीत आहे." मग त्यांची नजर निझारच्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली. "बाळ, खाली बस बरं. आता ऊठ."

निझार आधी ओणवा झाला. मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत कसाबसा उभा राहिला. घरी सगळे त्याच्या या उठण्याला हसत.

"जिन्यावर दमतो का? पडतो?"

"पडतो. आम्ही म्हणतो, अंगाने जड आहे."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, स्नायूंच्या पेशींत बारीक तंतू असतात. ते एकमेकांवर सरकतात, म्हणून पाय हलतो. त्या ओढाताणीत पेशीचं आवरण फाटू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. याच्यात त्यातलंच एखादं नसावं. पेशी फाटत जातात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. ही पोटरी फुगली आहे ती ताकदीने नव्हे. रक्त तपासू, स्नायूचा तुकडाही तपासू, मग खात्री होईल. आईबापांना लवकर पाठवा. आजार जाणार नाही, पण वेळेत हाती आला तर जास्त दिवस आपल्या पायांनी चालेल पोरगा."

वसीलाला आधी काय वाटलं, तर बरं वाटलं. छातीत गार वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला किळस आली.

परतीच्या बसमध्ये निझार तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. आता घरी सांगितलं तर सगळे म्हणणार, हिचीच नजर लागली. पोराचं कौतुक झालं की दृष्ट लागू नये म्हणून बाकीच्या बायका लगेच 'तबारकल्ला' म्हणायच्या. वसीलाच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता, आणि जावेला ते पक्कं ठाऊक होतं. गप्प बसलं, तर पोराचे पाय जाणार.

मोंजिया दारातच उभी होती. "काय ताई, शहरात कुणी बघितलं का आमच्या पैलवानाला?"

वसीलाने पोरांना आत पाठवलं आणि इस्कंदरचे पाय दाखवायला डॉक्टरकडे गेल्याचं, डॉक्टर म्हणाले ते, सगळं सांगितलं. मोंजिया खाली उंबऱ्यावर बसली.

"जन्मापासूनच असतं गं हे," वसीला म्हणाली. "कुणाच्या करण्याने होत नाही."

"नसेल होत." मोंजियाने वर पाहिलं. "पण दुखणं इस्कंदरचं होतं ना? मग माझ्या पोराला तुम्ही डॉक्टरकडे नेलंत कशाला?"

वसीलाच्या ओठांवर दोन-तीन खोट्या गोष्टी येऊन गेल्या.

"माझा त्याच्यासारखा व्हावा म्हणून," ती म्हणाली.